तुसडा डॉक्टर, बोलघेवडी नर्स आणि गेलेली वीज: गोव्यातल्या गावांत घडणाऱ्या प्रेममालिकांचं परीक्षण

मराठी कथा अ‍ॅपवरच्या प्रेमकथांत एक पोटजात आता पक्की झाली आहे. शहरातून बदली होऊन आलेला तुसडा डॉक्टर, गावातली बोलघेवडी नर्स, मुसळधार पाऊस आणि गेलेली वीज. यातल्या ज्या मालिका गोव्यात घडतात त्यांच्या मुखपृष्ठावर माड असतात, आणि गाव सत्तरी, सांगे नाहीतर काणकोण तालुक्यातलं असतं. हे परीक्षण त्या मालिकांचं, पैसे देऊन घ्यायचा माल म्हणून. एकेका लेखिकेला झोडपण्यात अर्थ नाही. दोष साच्यातच आहेत आणि साचा सगळ्यांचा एकच आहे.

निकाल आधीच सांगतो. प्रेम म्हणून पाचांपैकी साडेतीन, दवाखाना म्हणून दीड. प्रेमाचा जो दीड गुण गेला, तोही दवाखान्यापायीच गेला.

आधी मालाची बांधणी. एक भाग आठ-दहा मिनिटांत वाचून होतो. सुरुवातीचे भाग फुकट असतात. पुढचे नाणी मोजून उघडायचे, वर्गणी भरायची किंवा कुलूप सुटायची वाट बघायची. म्हणजे प्रत्येक भागाच्या शेवटी काहीतरी लटकत ठेवावं लागतं, आणि त्याला दवाखान्यासारखी सोय नाही. दार धाडकन उघडतं, कुणाला तरी उचलून आत आणतात, भाग संपतो. या गणितामुळे सगळे रुग्ण तातडीचेच असतात. रक्तदाबाची गोळी महिन्याच्या महिन्याला न्यायला येणारा, साखर वाढलेला, पायाची जखम न भरणारा माणूस या मालिकांत फिरकत नाही. प्रत्यक्षात सरकारी आरोग्य केंद्राच्या ओपीडीत सकाळी रांग असते ती त्यांचीच.

साच्याला मात्र कमी लेखू नये. डॉक्टर-नर्स प्रेमकथा हा जुना आणि खपाऊ प्रकार आहे. कॅनडाच्या हार्लेक्विननं १९५७ मध्ये मिल्स अँड बूनच्या कादंबऱ्या पुन्हा छापायला सुरुवात केली, तीच इस्पितळातल्या प्रेमकथेपासून. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनं प्रेमकथेला दोनच अटी घातल्या आहेत: केंद्रस्थानी प्रेम हवं, आणि शेवट समाधान देणारा, आशादायी हवा. तेव्हा 'शेवट गोडच होणार हे आधीच कळतं' ही तक्रार इथे लागू पडत नाही. वाचक त्या खात्रीचेच पैसे देतो. लेखिकेची कसोटी मधल्या अडथळ्यांत लागते. दोघांना वेगळं ठेवणारी गोष्ट खरी वाटली पाहिजे. गोव्याच्या ग्रामीण आरोग्यसेवेत असे अडथळे पावलोपावली आहेत, पण या मालिका ते सोडून मुंबईची जुनी प्रेयसी, चोरून ऐकलेलं अर्धं बोलणं आणि चुकीच्या हातात पडलेला मोबाइल यांवर दिवस काढतात.

पहिली ठेच जागेवरच लागते. 'दोघं एकाच क्वार्टरमध्ये अडकली' हा हुकमी एक्का. गोवा उणंपुरं ३,७०२ चौरस किलोमीटरचं राज्य. चावडी (काणकोण तालुक्याचं मुख्य गाव) ते मडगाव हे अंतर चाळीस किलोमीटरच्या आत आहे. ज्याच्याकडे गाडी आहे त्याला करमल घाट उतरून तासाभरात घरी जेवायला जाता येतं. तो अडकत नाही. अडकतो तो पेशंट. खोतीगाव किंवा नेत्रावळीच्या आतल्या वाड्यावरून बसनं निघायचं, मुख्य रस्त्याला येऊन दुसरी बस धरायची, मडगावात उतरून इस्पितळ गाठायचं, तिथून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, म्हणजे गोमेकॉत, पाठवलं तर तिसरी बस. तपासणी दहा मिनिटांची आणि दिवस पूर्ण गेलेला, रोजंदारीसकट. गावात रात्रीही हाकेच्या अंतरावर असते ती बहुतेक वेळा तिथलीच एएनएम (सरकारी आरोग्य केंद्राची गावात फिरणारी परिचारिका) किंवा अंगणवाडी सेविका. प्रेमकथेला चोवीस तास गावात असणारं पात्र हवंच असेल तर ते हे. पण मालिकेत एएनएम येते ती नायिकेची मैत्रीण म्हणून, चहा आणायला.

याच ओघात एक ढोबळ चूक. काही मालिकांत सत्तरीच्या वाड्यावर 'आशाताई' घरोघरी फिरते. देशभर आशा कार्यकर्त्या असल्या तरी गोव्यानं ती योजना घेतली नाही. इथे ते काम एएनएम, आरोग्य सेवक आणि अंगणवाडी यांच्यात वाटलेलं आहे. आशाताई दिसली की लेखिकेनं शेजारच्या राज्यातला दवाखाना उचलून माडाखाली ठेवला, असं समजावं.

दुसरी ठेच टॉर्चच्या उजेडातली. वीज गेलेली, नायक प्राथमिक आरोग्य केंद्रातच पोट उघडतो, नर्स घाम पुसते, नजरानजर होते. प्राथमिक केंद्रात सर्जन नसतो, भूलतज्ज्ञ नसतो, रक्तपेढी नसते. राष्ट्रीय निकषांप्रमाणे मैदानी भागात ३० हजार आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे असं एक केंद्र, खाटा चार-सहा. सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ अपेक्षित आहेत ते ३० खाटांच्या सामाजिक आरोग्य केंद्रात. तिथेही देशभरचं चित्र असं की ग्रामीण आरोग्य सांख्यिकीच्या २०२१-२२ च्या अहवालात या तज्ज्ञांची तूट गरजेच्या जवळपास ८० टक्के दाखवली आहे. भूल देणारा नसेल तर सर्जन असूनही सिझेरियन होत नाही. एकाच माणसाच्या रजेमुळे बाईला रात्री अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढवावं लागतं. यावर अख्खा भाग उभा राहील, पण टॉर्च जास्त विकली जाते.

बाळंतपणाचं तर विचारूच नका. झोपडी, पूर, उकळतं पाणी, नायिकेचा पदर. गोव्यात जवळपास सगळी बाळंतपणं इस्पितळात होतात. इथे प्रश्न कुठल्या इस्पितळात हा आहे. हिमोग्लोबिन ७ च्या खाली, आधीचं सिझेरियन, जुळी, वाढलेला रक्तदाब, यातलं काहीही असलं की बाईला मडगाव, म्हापसा किंवा गोमेकॉचा रस्ता धरावा लागतो. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी इस्पितळात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि येण्या-जाण्याची गाडी मोफत आहे. आईचं जेवणही, साध्या बाळंतपणात ३ दिवस आणि सिझेरियनला ७ दिवस. त्यात सोबत आलेल्या सासूचं जेवण आणि नवऱ्याचा बुडालेला रोज धरलेला नाही. नव्या जोडप्याची पहिली ताटातूट इथे आयती आहे आणि तिला खलनायकही लागत नाही.

सापाच्या प्रसंगावर जरा थांबू, कारण तो प्रत्येक दुसऱ्या मालिकेत आहे आणि जवळजवळ प्रत्येकीत चुकलेला आहे. नायिकेच्या पायाला चावा, नायक ओढणीनं पाय आवळतो, ओठ लावून विष ओढतो. साच्याच्या दृष्टीनं सोपं आहे, स्पर्शाला निमित्त मिळतं. पण आवळून बांधल्यानं खालचा रक्तपुरवठा तुटतो, आणि बांध सोडताच विष एकदम अंगात पसरू शकतं. चोखून विष निघत नाही, जखम तेवढी वाढते. करायचं ते असं: पाय हलू द्यायचा नाही, काठी किंवा पुठ्ठा लावून मोडलेल्या हाडासारखा सैल बांधायचा, पैंजण-जोडवी काढायची, चालवायचं नाही, १०८ लावायचा.

पुढचं केंद्रातलं काम कथेसाठी याहून सरस आहे. २ मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं आणि २० मिनिटं हात न लावता ठेवायचं. मग नळी एकदा तिरकी करून बघायची. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशाच्या जातीचं विष भिनलं आहे. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणानं धुतलेली असेल तर रक्त विषाशिवायही गोठत नाही, आणि नको असलेलं औषध दिलं जातं. प्रेमकथा लिहिणारीला याहून काय हवं? दोन माणसं, एक नळी, वीस मिनिटं, आणि कुणी हलवायचं नाही. एवढ्या मालिकांत हा प्रसंग कुणी वापरलेला दिसत नाही.

विषबाधेची लक्षणं असतील तरच प्रतिसर्पविष, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, देतात. साधारण १० कुप्या, सलाइनमधून तासाभरात, लहान मुलालाही तेवढ्याच, कारण विष सापाच्या मापाचं असतं. हाताशी अ‍ॅड्रिनॅलिन भरून ठेवावं लागतं, कारण औषधाचीच जोरदार रिअ‍ॅक्शन येऊ शकते. हे औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर बनवलेलं आहे. सह्याद्रीच्या रानातला मलबारी चापडा किंवा हंप-नोज्ड पिट वायपर चावला तर त्याचा भरवसा धरता येत नाही. ते माहीत असलेला डॉक्टर गप्प बसून, मूत्रपिंड चालतंय का हे कळावं म्हणून, लघवीचं प्रमाण मोजतो, आणि मालिकेतला डॉक्टर त्या वेळी अंगणात गिटार वाजवतो.

मण्यारीचा चावा बहुधा रात्री, झोपेत होतो. दुखत फारसं नाही, पहाटे पापण्या उघडत नाहीत, मग श्वास मंदावतो. इस्पितळ गाठेपर्यंत तोंडावर मास्क धरून त्याला जोडलेला रबरी फुगा दाबून श्वास द्यावा लागतो, मोठ्या माणसाला दर सहा सेकंदांनी एकदा. काणकोणहून बांबोळीपर्यंत दीड तास धरला तर नऊशे वेळा. एकाचा हात भरून येतो, दुसऱ्यानं घ्यायचा, मध्ये ताल चुकवायचा नाही. एकमेकांशी धड न बोलणाऱ्या दोघांना जवळ आणायचं तर एकाच खोलीतल्या एकाच पलंगापेक्षा हा प्रवास कितीतरी जोरकस होईल.

छातीत दुखण्याचा प्रसंग बहुधा नायिकेच्या आजोबांच्या वाट्याला येतो. आजोबा नायकाच्या हातात नायिकेचा हात देतात आणि डोळे मिटतात. गोव्यात इथे गोष्ट वेगळी घडायला हवी. हृदयविकाराच्या झटक्यासाठीच्या 'स्टेमी गोवा' प्रकल्पात गावच्या केंद्रातून ईसीजी गोमेकॉतल्या हृदयरोगतज्ज्ञाकडे जातो, आणि गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज हे महागडं इंजेक्शन केंद्रातच मोफत देता येतं. वजन ६० किलोच्या खाली असेल तर ३० मिलिग्रॅम, ९० च्या वर ५०, पंचाहत्तरीच्या पुढे अर्धा डोस. इंजेक्शन पाच-दहा सेकंदांत जातं, पण त्याआधी प्रश्न विचारावे लागतात. कधी मेंदूत रक्तस्राव झाला होता? अलीकडे पक्षाघात, डोक्याला मार, ऑपरेशन? एकाचंही उत्तर 'होय' आलं तर हे औषध जीव घेऊ शकतं. घरच्यांनी सोयरिकीच्या वेळी झाकून ठेवलेलं आजारपण इथे नातवंडांसमोर सांगावं लागतं. 'लपवलेलं गुपित' ही साच्यातली सगळ्यात वापरून गुळगुळीत झालेली कळ, ती इथे एका छापील यादीतून आपोआप फिरते. एखाद्या लेखिकेनं एवढं एक प्रकरण नीट लिहिलं तर तिला माझे पाचही गुण.

तापाची साथ हा आणखी एक लाडका प्रसंग. गोव्यातला म्हणून सत्तरीतला माकडताप घेतात, ते योग्यच आहे. २०१५ मध्ये पाली गावात तो आढळला आणि काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्यांना त्याचा धोका असतो. पण लगेच नायिकेला काचेच्या खोलीत बंद करतात आणि नायक मास्क फेकून आत शिरतो. माकडताप माणसाकडून माणसाला होत नाही, गोचिडीकडून होतो. तिच्याजवळ बसायला शौर्य लागत नाही. धैर्य लागतं ते पुन्हा काजू वेचायला जायला, कारण हंगाम फेब्रुवारी ते मे, माकडतापाचे दिवसही तेच, आणि वर्षाची कमाई त्यातच. अंगाला गोचीडरोधक तेल लावायचं, पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे, घरी येताच गरम पाण्यानं अंघोळ करायची आणि कपडे उकळायचे. हे रोज करणारी नायिका मला कुठल्याही मालिकेत भेटलेली नाही.

मालिकांनी सगळ्यात मोठी संधी घालवली आहे ती काणकोणात. त्या तालुक्यात मूत्रपिंडाच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येनं आहेत, आणि तिथल्या सामाजिक आरोग्य केंद्रात डायलिसिस होतं. आठवड्यातून दोन-तीनदा, दरवेळी चार तास. एवढ्या नेमानं एकमेकांना भेटणारी माणसं दुसऱ्या कुठल्या कथेत मिळतील? डायलिसिसच्या सुया टोचायला मनगटाजवळ शीर आणि धमनी जोडून फिस्टुला करतात, तो वापरायला तयार व्हायला दीड-दोन महिने जातात. त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, डायलिसिसखेरीज सुई टोचायची नाही, वजन उचलायचं नाही, घट्ट काही घालायचं नाही. म्हणजे लग्नाआधी चुडा भरायला बसलेल्या मुलीचा एक हात रिकामा ठेवावा लागेल, आणि मांडवातल्या प्रत्येक बाईला त्याचं कारण हवं असेल. शिवाय फिस्टुला चालू आहे की नाही हे रोज बोटं टेकवून बघायचं असतं, कातडीखाली बारीक थरथर लागली पाहिजे. ती थरथर बंद पडली तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. 'स्लो बर्न' (सावकाश फुलणारं प्रेम) म्हणून जे विकलं जातं, ते वीस भाग नजर चुकवण्यात घालवतं. इथे हात हातात घ्यायला डॉक्टरचीच आज्ञा आहे.

पैशाचा प्रसंगही जुनाच. ऑपरेशनसाठी मंगळसूत्र गहाण, मग गर्भश्रीमंत नायकाचा धनादेश. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्याला चार लाखांचं संरक्षण आहे. अट पाच वर्षांच्या रहिवासाची. तेव्हा गोव्यातल्या नायिकेचं मंगळसूत्र वाचण्याची शक्यता बरीच. अडतो तो खाणीवर किंवा बांधकामावर आलेला मजूर, ज्याची पाच वर्षं भरलेली नाहीत. आणि अडतो दोडामार्ग-सावंतवाडीचा शेजारी. जानेवारी २०१८ पासून गोमेकॉत गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घ्यायला लागले, त्यावर सिंधुदुर्गात आंदोलन पेटलं. पेडण्याची मुलगी, दोडामार्गचा मुलगा, सोयरिकी दोन्हीकडे पिढ्यान्पिढ्यांच्या, आणि त्याच्या आईला त्याच खाटेचे पैसे. दोन घराण्यांच्या वैराचा मसाला हवा असलेल्यांनी हा विचार करावा.

साच्यातली 'शेवटची ताटातूट' शेवटच्या टप्प्यावर ठरलेली असते: नायकाला परदेशातून बोलावणं येतं. कंत्राटी नेमणुकीची मुदत संपणं किंवा रात्रपाळी-दिवसपाळीची चुकामूक जास्त पटेल, पण मी याला फार दोष देत नाही. दोष देतो तो समेटाला. नायक स्वतःच्या पैशानं गावात इस्पितळ बांधतो, फीत कापली जाते, मंगलाष्टका होतात. इमारती बऱ्याच ठिकाणी आहेत. उणीव आहे ती रात्री अडीचला भूल देणाऱ्या माणसाची, आणि ती फीत कापून भरत नाही. आरोग्यातली विषमता एका श्रीमंत जावयानं मिटवली की वाचकाला समाधान मिळतं, हे खरं. पण तेच समाधान नायिकेला सामाजिक केंद्रात कायमची नेमणूक मिळाल्यानं आणि नायकानं चावडीत भाड्याचं घर घेतल्यानंही मिळू शकतं.

भाषेबद्दल थोडंच. संवाद चुरचुरीत, वर्णनं सपाट. सत्तरीतली आजी पुण्याच्या पेठेत वाढल्यासारखी बोलते, आणि ऑडिओ आवृत्तीत गावांच्या नावांचे उच्चार कानाला टोचतात. छापील वाचा.

आता खरेदीचं. फुकट भागांतच परीक्षा होऊन जाते. पहिला तातडीचा रुग्ण आला की बघा, कुणी त्याला पुढे पाठवायची चिठ्ठी लिहितं का, सोबत कोण जातं, गाडी कुठून येते. यातलं काहीच नसेल तर पुढे टॉर्च येणार आहे. नाणी विकत घेऊ नका. तातडीच्या प्रसंगांवर बेतलेल्या मालिकेत प्रत्येक भाग अर्ध्यावर तुटतो आणि नाणी पाण्यासारखी जातात. एका महिन्याची वर्गणी घ्या, पूर्ण झालेल्या मालिकाच निवडा, आणि आपोआप नूतनीकरण त्याच दिवशी बंद करा. निव्वळ पाऊस आणि नजरानजर हवी असेल तर पैसे वसूल होतात. घरात डायलिसिसचा किंवा हृदयाचा पेशंट असेल तर मात्र आजोबांचा भाग गाळून वाचा, आणि सापाच्या भागातलं काहीही कुणावर करून बघू नका.